शेषरावांच्या न्हाणीघराची परवानगी

१

खामगावात त्या काळी मरायला परवानगी लागत नसे, न्हाणीघर बांधायला लागे.

शेषराव अडत्यांच्या घरी दोन्ही गोष्टी एकाच हंगामात झाल्या. कापसाच्या पहिल्या गाड्या बाजारात लागल्या तेव्हा म्युनिसिपालटीनं त्यांच्या नव्या न्हाणीघराला मंजुरी दिली, आणि गाड्यांची रांग संपायच्या आत त्यांची बायको रुक्मिणी त्याच न्हाणीघरात मेलेली सापडली. बाळंतीण होती. सकाळी न्हाऊन, बाजेखाली शेगडी घेऊन, पांघरूण ओढून शेक घेत पडली होती. न्हाऊ घालणारी गोजरबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून घरात देऊन आली, दार उघडून आत गेली आणि भिंत धरत धरत बाहेर आली.

अंगावर जखम नव्हती. साप म्हणावा तर दाताची खूण नव्हती. तोंडाला फेस नव्हता. मेलेलं माणूस पांढरं पडतं, नाही तर काळंनिळं होतं. रुक्मिणीचे गाल गुलाबी होते, ओठ लाल होते. बायांनी तो चेहरा पाहिला आणि गल्लीभर सांगितला, आणि पोरं त्या गल्लीतून शाळेला पळत जाऊ लागली. डॉक्टरला कोणी बोलावलं नाही. जिवंतपणी बाळंतीण परपुरुषाला दाखवायची नाही, आणि मेल्यावर दाखवून काय उपयोग, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

गावाचं जे व्हायचं ते होवो. खरी झोप उडाली ती नारायणरावांची.

नारायणराव म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर. माणूस भित्रा, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक. शिडी चढताना देवाचं नाव घेत, विहिरीत डोकावताना कोणाचा तरी हात धरत. पण त्यांची आशा शेषरावांच्या धाकट्या भावाला दिलेली. जावई अकोल्याला नोकरीवर, आणि आशा दुसऱ्या खेपेची म्हणून सासरीच बाळंत झालेली. उद्या पाचवी, आणि पाचवीच्या सकाळी सासू मनकर्णाबाई तिला त्याच न्हाणीघरात न्हाऊ घालणार, असा निरोप घरी आला. निरोप ऐकून नारायणरावांच्या हातातला घास ताटात पडला.

आता मुलीच्या बापानं मुलीच्या सासरी तोंड उघडायचं नसतं. तिथलं पाणीसुद्धा घ्यायला तो कचरतो. पण एक सोय होती. न्हाणीघर नकाशाप्रमाणे बांधल्याचा दाखला अजून द्यायचा राहिला होता. व्याही म्हणून ज्या घरात त्यांना ओटीवरून परत पाठवलं असतं, त्या घरात ओव्हरसियर म्हणून शिरता येत होतं. त्यांनी मोजमापाची फीत खिशात घातली, टोपी नीट केली आणि निघाले. पाय मात्र सारखे मागे येत होते.

२

"साहेब म्हनून आले का व्याही म्हनून?" शेषरावांनी बैठकीतूनच विचारलं.

"साहेब म्हनून."

"मंग या. पाहून घ्या तुमचं."

न्हाणीघर पाहण्यासारखं होतं यात वाद नाही. जुनी न्हाणी म्हणजे परसात रोवलेले चार डांब, भोवती बांबूच्या तट्ट्या आणि वर आभाळ. आता तिथं विटांच्या भिंती, वर पक्कं छत, खाली शहाबादी फरशी. सागवानी दार असं घट्ट की लावलं की फटीत नख जाणार नाही. गटाराची घाण येऊ नये म्हणून मोरीला वाकडा नळ, त्यात सदा पाणी भरलेलं. ही अट खुद्द नारायणरावांचीच. आणि पूर्वेच्या भिंतीत, छताला लागून, एक झरोका.

त्या झरोक्यावरून केवढं रामायण झालं होतं. पलीकडे रहेमतुल्ला पिंजाऱ्याचं अंगण. त्यानं हरकत घेतली होती, की न्हाणीची वाफ आपल्या कापसावर येईल, ओला कापूस पिंजला जात नाही, आणि शिवाय घरात बायका वावरतात. कमिटीनं झरोका मंजूर केला, पण माणसाच्या हाताला लागणार नाही इतका उंच, आणि त्याला रहेमतुल्लाच्या बाजूनं बारीक लोखंडी जाळी चुन्यात पक्की बसवायची अट घातली. जाळी बसवताना नारायणराव स्वतः उभे होते.

झरोका आज उघडा होता. सकाळचं ऊन सरळ फरशीवर पडलं होतं. नारायणरावांनी नाक पुढं करून हुंगलं, भिंतीवर बोटं वाजवली, आणि आपण काय शोधतो आहोत तेच त्यांना कळेना. त्या बाजेला वळसा घालून ते बाहेर आले.

बाहेर शेषरावांनी त्यांच्यासमोर कागदाची पुडी उघडली. आत कापसाचे थोडे तंतू होते, काळपट पडलेले.

"ती गेली त्या दिवशी मी शिडी लावून पाह्यलं. जाळीत अटकून होते. कापूस कोन पिंजते इथं? मी उद्या पोलिसात देऊन राह्यलो त्याले. त्याच्या हरकतीचं काही चाललं नाही, तं त्यानं माह्या बायकोवर डाव साधला. काही तरी जाळून धूर सोडला आत."

"तंतू जाळीच्या कोन्या अंगाले होते? आपल्या का त्याच्या?"

"आपल्या अंगाले. शिडी मी आतूनच लावली होती. पन त्यानं काय फरक पडते?"

नारायणरावांनी पुडी परत दिली. त्यांना वेगळीच भीती वाटू लागली होती. शेषरावांसाठी डोणगावची एक मुलगी सुचवली गेली आहे, हे बाजारात सगळ्यांनी ऐकलं होतं. बायकोचं सुतक फिटायच्या आतच ते बोलणं सुरू झालं होतं. शिडी ह्याच माणसाकडे होती. पहिल्यांदा वर चढून बघणाराही हाच. आणि आपली पोर ह्याच्या छपराखाली निजते.

परसात मनकर्णाबाई उंच वळणीवर काठीनं दुपटी वाळत घालत होत्या. त्या काठीला त्या दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. सोवळ्याची म्हणून सगळं घर तिच्यापासून चार हात लांब असे. काठीच्या टोकाला पांढरं काही लागलेलं होतं. ते टोक उन्हात डोलताना नारायणराव उगाच पाहत राहिले.

"विहीणबाई," त्यांनी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "आशाले त्या न्हानीघरात नोका नेऊ."

"मंग कुठी नेऊ? या थंडीत परसात?" बाईंनी काठी खाली केली. "बाळंतिनीले वारं लागलं की संपलं, व्याही. माही थोरली लेक तट्ट्याच्या न्हानीत न्हाली. रात्री आकडी आली, पहाटे गेली. तवापासून ठरवलं होतं का या घरात पक्की न्हानी झाली पाहिजे. मीच शेषूच्या मागं लागले. त्या खोलीत आधी मी जाते, झाडते, धुरी देते, मंगच बाळंतिनीले नेते. तोवर दुसऱ्याचं पाऊल नाही पडू देत."

"पन तिथं रुक्मिनी..."

"तिची वेळ भरली होती," बाई म्हणाल्या, आणि वाळत घातलेलं एक दुपटं त्यांनी पुन्हा झटकलं. "लेकीवानी केलं मी तिचं."

ते खरं होतं. मनकर्णाबाईंनी सुनेसाठी किती डिंकाचे लाडू वळले ते गल्लीनं पाहिलं होतं.

निघताना माजघराच्या दाराच्या फटीतून आशाचा आवाज आला. "आबा, मले भेव लागते. जाऊबाईचं तोंड मी पाह्यलं होतं. उद्या तुम्ही येजा." नारायणराव "हो" म्हणाले खरे, पण ते इतकं हळू म्हणाले की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

जाताजाता ते गोजरबाईच्या दारी थांबले. गोजरबाई आधी बोलायलाच तयार नव्हती. मग म्हणाली, "जागाच बरी नाही ते. मी तिले न्हाऊ घातलं, बाजेवर टाकलं, शेगडी सारली, दार लावून लेकरू घेऊन गेली. तेवढ्यातच माहं डोकं ठनकाले लागलं होतं. वाकून चिमनी उचलली तं डोयापुढं अंधारी."

"चिमनी कायले?"

"उजेडाले. आत काय दिसते मंग? पहिल्यांदाच गेल्ती मी तिथं. अंधारकोठडी हाय ते."

नारायणराव घरी आले, आणि त्यांना रात्रभर ते एकच टोचत राहिलं. भरल्या सकाळी, पूर्वेच्या झरोक्याच्या खोलीत, चिमणी कशाला लागावी?

३

पाचवीच्या सकाळी ते आधी रहेमतुल्लाकडे गेले. पोलीस यायच्या आत एकदा झरोका त्या बाजूनं पाहावा, एवढाच विचार.

रहेमतुल्ला धनुकली टांगून कापूस पिंजत बसला होता. ओव्हरसियरला पाहून तो उठून उभा राहिला. त्यालाही पुडीची बातमी लागली होती.

"ओरसेरसाहेब, खुदाकसम, मी त्या बाईले कधी पाह्यलं बी नाही. हरकत घेतली ते कापसासाठी. शेषरावभाऊ पोलिसात जाऊन राह्यले म्हनतेत. मले एकदा नेलं तं कोन इच्यारते मंग?"

नारायणरावांनी वर पाहिलं. जाळी होती तशी चुन्यात घट्ट, कुठं हललेली नाही. इतकी बारीक की करंगळी आत जाणार नाही. म्हणजे ह्या बाजूनं काही आत घालणं शक्यच नाही. बाहेरच्या अंगाला उडालेल्या पिंजणाचा पांढरा थर होता. शेषरावांचे तंतू मात्र आतल्या अंगाचे, आणि काळपट.

भिंतीपलीकडून अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग गोजरबाईचा आवाज, आणि मग दार लागल्याचा.

नारायणराव दचकले. ह्यांनी एवढ्या लवकर सुरुवात केली? ते चार पावलं मागं सरले, तर पाय मऊ ढिगात रुतला. पिंजलेल्या कापसाचा ढीग, बरोबर झरोक्याखाली.

"हा कापूस इथं काऊन? न्हानी चालू झाली की वाफ येते म्हनून तू हलवत असशील ना?"

उत्तर पडद्याआडून त्याच्या बायकोनं, अमीरबीनं दिलं. "रोज हलवतो, साहेब. ते लोक दार उघडं टाकून आंघोळ करतेत, तरी बी इकडं वाफ येते. आज आलीच नाही. पानी ओतून बी झालं, पन वाफ नाही. म्हनून ठेवला."

"असं कधी झालं होतं याच्या आधी?"

अमीरबीनं आवाज खाली आणला.

"एकदाच. त्यायची मोठी बहू मेली, त्या दिवशी."

४

भित्र्या माणसाला सगळ्यात आधी कळतं, कारण त्याच्या मनात वाईट गोष्ट नेहमी तयारच असते. चिमणी, डोकेदुखी, गुलाबी गाल. जलंबच्या रेल्वेफाट्यावर चुनाभट्टीचा राखणदार एका हिवाळ्यात शेगडी घेऊन, झोपडीचं दार लावून निजला होता. सकाळी त्याचा चेहरा असाच टवटवीत होता. नारायणरावांनी तो पाहिला होता, आणि नंतर आठवडाभर जेवले नव्हते.

"रहेमतुल्ला, पहार आन. जाळी फोड."

रहेमतुल्ला जागचा हलला नाही. "साहेब, जाळी म्युनिसिपालटीची हाय. वरून पोलीस येऊन राह्यले. मी फोडली तं मलेच धरतीन."

"फोड बे. परवानगी मी देतो."

त्यांनी उभ्या जन्मात इतक्या झटपट परवानगी दिली नव्हती. रहेमतुल्ला खाटेवर चढला आणि पहारीचे घाव घालू लागला. नारायणराव रस्त्यावरून पळत शेषरावांच्या परसात शिरले. दाराशी मनकर्णाबाई बसल्या होत्या, वाट अडवून.

"व्याही, आत बाळंतीन हाय. लाज हाय का नाही?"

"सरका, विहीणबाई."

"वारं लागीन तिले!"

त्यांनी विहिणीला धक्का दिला. उभ्या गावात असं कोणी केलं नव्हतं. दाराला खांदा दिला, पुन्हा दिला, आणि दार आतल्या बाजूला उघडलं. आत काळोख होता. शेगडीचे निखारे तेवढे लाल दिसत होते. त्याच क्षणी वरून पहारीचा घाव बसला, जाळी आत कोसळली आणि तिच्याबरोबर कसलीशी गुंडाळी फरशीवर आदळली. सूर्य सरळ बाजेवर आला.

आशाचे गाल गुलाबी होते.

नारायणरावांना पुढचं नीट आठवत नाही. गोजरबाई म्हणते की त्यांनी लेकीला पांघरुणासकट उचललं, परसात आणलं, उघड्यावर ठेवलं, आणि लहान पोरासारखे रडत तिच्या तोंडावर वारा घालत राहिले. मनकर्णाबाई कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. मग आशानं मान वळवली, ओकली, आणि डोळे उघडले.

५

शेषराव जमादाराला घेऊन आले, ते नेमके अशा वेळी. न्हाणीघराच्या उघड्या दारातून वरचं भगदाड दिसत होतं; पलीकडे रहेमतुल्ला हातात पहार घेऊन खाटेवर, आणि खाली फुटलेली जाळी.

"पाह्यलं ना?" शेषराव जमादाराला म्हणाले. "घ्या ताब्यात."

"थांबा," नारायणराव म्हणाले. ते ओट्यावर टेकले आणि अहवाल लिहून द्यावा तशा कागदी भाषेत बोलू लागले. "याच्यात रहेमतुल्लाचं काहीच नाही. कोळशाचा विषारी वायू आहे हा. वास नाही, धूर नाही. उघड्या न्हाणीत आपल्या आज्या-पणज्यांनी शेगड्या घेतल्या, कोणाला काही झालं नाही, कारण वर आभाळ होतं. आता भिंती पक्क्या, दार घट्ट, मोरीला पाणी भरलेला नळ. वायूला जायला एकच वाट होती, तो झरोका. कोणी तरी तो बंद करत होतं. न्हाऊ घालायच्या आधी, कारण गोजरबाईला चिमणी लागली. आतून, कारण बाहेर जाळी पक्की आहे. आणि नंतर काढून ठेवत होतं, म्हणून तुम्हाला तंतू तेवढे सापडले."

जमादारानं फरशीवरची गुंडाळी उचलली. जुन्या लुगड्यात बांधलेली, काळपट कापूस बाहेर आलेली फाटकी उशी.

"इतक्या उंच पोचलं कोन?" त्यानं विचारलं.

नारायणरावांच्या डोळ्यांपुढं चुन्यानं पांढरं झालेलं काठीचं टोक आलं. ती काठी घरात एकच माणूस हातात घेत होतं. बाळंतिणीच्या आधी त्या खोलीत एकच माणूस जात होतं. आणि त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. नाव घेतलं तर आशानं ह्या घरात दिवस कसे काढायचे? नाही घेतलं तर खाटेवरचा तो पिंजारी जाईल. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा रहेमतुल्लाकडे. 

"मी पोचले," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या पुढं आल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"वारं येते म्हनून मीच काठीनं उशी कोंबत होते. पोरी गारठतीन म्हनून. बाहेर निघाल्या की काढून घेत होते, खोली हवेशीर राहावी म्हनून." त्या शेषरावांकडे वळल्या. "शेषू, तुही बायको मी मारली. मले माहीत नव्हतं रे. पन मारली मीच. त्या मानसाले सोड."

शेषराव जिथं होते तिथंच खाली बसले. जमादार खाकरला, पागोटं सारखं केलं, आणि कोणाकडे पाहावं ते न कळून जाळीकडे पाहत राहिला. शेवटी तो "अपघात लिहितो" असं काहीसं पुटपुटून निघून गेला. रहेमतुल्ला खाटेवरून उतरला. त्याला बोलायचं होतं, पण अमीरबीनं पडद्याआडून त्याला आत बोलावून घेतलं.

"व्याही," मनकर्णाबाई म्हणाल्या, "लेकीले घेऊन जा माहेरी. माह्या हातचं पानी तिच्या अंगावर नोको पडाले."

नारायणरावांना तेच हवं होतं. ते उठलेसुद्धा. पण आशा सासूकडे पाहत क्षीण आवाजात म्हणाली, "आबा, मी नाही येत. उद्या आत्याबाईच न्हाऊ घालतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं आणि त्यावर नुसतं एक लुगडं टांगलं होतं. शेगडी परसात लांब ठेवली होती. पुरुषांनी तिकडे जायचं नाही म्हणून नारायणराव ओसरीवर पाठ करून बसले. आत गेलेल्या दोघींची पावलं त्यांनी ऐकली, पाट सरकवल्याचा आवाज ऐकला. मग काहीच ऐकू येईना.  मागं वळून पाहायची हिंमत होईना, आणि हाक मारायचीही.

"घाला ना, आत्याबाई," आशाचा आवाज आला. "धरा माहा हात. असा."

बराच वेळ गेला. मग फरशीवर पाणी पडलं.

नारायणराव तसेच बसून राहिले. ते पाणी सारखं पडत राहावं, एवढंच त्यांना वाटत होतं.